ओहोटीची हाफपेनी

रस्त्यावर सोयाबीन वाळत पडलं की माझं डोकं फिरतं. यात सोयाबीनचा काही दोष नाही. भाद्रपद उतरणीला लागलेला असतो, दुपार कलली की परतीचा पाऊस येतो, बाया ओरडत धावतात, ताडपत्र्या ओढतात, आणि भिजलेल्या शेंगांचा कच्चा, तेलकट वास एसटीच्या खिडकीतून आत घुसतो. बाकीचे प्रवासी काच ओढून घेतात. मी मात्र लोणंदच्या पेठेतल्या एका दुकानात जाऊन पोचते. तिथल्या गादीवर एक भिंग पडलेलं असायचं. ते आठवलं की माझे दात एकमेकांवर बसतात.

यंदाही तोच हंगाम आहे. पितृपंधरवडा. घट बसायच्या आधी घरोघरचे देव उजळायचे दिवस. देव्हाऱ्यातले टाक, म्हणजे पत्र्यावर ठसवलेली ती बोटभर कुलदैवतं, वर्षभराच्या तेलाने आणि कुंकवाने काळवंडलेली असतात. कुणी ती घरीच चिंच लावून घासतं, कुणी फडक्यात बांधून सोनाराकडे देतं. चार दिवसांनी देव लखलखीत होऊन परत येतात. निदान आपल्याला तसं वाटतं. फडकं सोडल्यावर आत तेच देव आहेत का, हे कोण बघतं? गेल्या वर्षापासून मी बघते.

आमच्या स्वतःच्या घरी देव्हारा नाही. आष्ट्याला अब्बांचं कल्हईचं दुकान आहे. आहे म्हणायचं. आता लग्नकार्यातली पातेली सोडली तर कल्हईला काही येत नाही. पण लहानपणी माझ्या नाकात नवसागराचा धूर आणि चिंचेचा कोळ असा बसलाय की अजून निघत नाही. काळंकुट्ट तांबं चिंचेखाली बघता बघता गुलाबी होतं. मला तेव्हा ती जादू वाटायची. पुढे नाण्यांच्या नादाला लागले आणि तीच जादू मला विष वाटायला लागली.

चळवळीतली पोरगी आणि राणीच्या पेन्या जमवते, यावर आमच्या संघटनेतल्या साथींनी पुरेसे विनोद करून झालेत. "शबाना, क्रांती झाल्यावर तुझा डबा जप्त करणार आम्ही." करा. हा नाद मला पत्रकांनीच लावला. पेपरफुटी असो, पाण्याच्या पाळ्या असोत, पत्रकं मी लिहायचे आणि छापखान्यात बसून तपासायचे. त्या जुन्या छापखान्यात एक 'ळ' तुटका होता, वरचा फाटा अर्धाच. मग मला तो 'ळ' गावभर दिसायला लागला. लग्नपत्रिकेत, दहाव्याच्या कार्डावर, यात्रेच्या हँडबिलात. सगळे वाचत होते आणि कुणाला दिसत नव्हता. मला तो दिसला की बरं वाटायचं. कुणाच्या तरी हाताची खूण सापडल्यासारखं.

नाण्यांचंही हेच असतं. नाणं पाडायचं म्हणजे पोलादी ठसा लागतो, त्याला डाय म्हणतात. एका डायखालून हजारो नाणी निघतात, मग ती झिजते, तडकते, दुसरी बसवतात. दुसरी करणाऱ्याचा हात जरा वेगळा चालतो. एखादा ठिपका सरकतो, एखादी रेघ खाली-वर होते. वर्ष तेच, राजा तोच, किंमत तीच, आणि तरी नाणं वेगळं. सरकार म्हणतं सगळी सारखी आहेत. भिंग म्हणतं नाहीत. मला भिंगाची बाजू पटते.

इंग्रजांची हाफपेनी, म्हणजे अर्ध्या पेनीचं तांब्याचं नाणं, साताऱ्याकडे कशी, हा प्रश्न मला फक्त पुण्याचे लोक विचारतात. आमच्याकडे विचारत नाहीत. खंडाळ्यापासून खाली कराडपर्यंत कुठलंही गाव घ्या, कुणाचा तरी पणजा गोऱ्यांच्या लढाईला गेलेला असतो. जे परत आले ते बूट आणि बिल्ले घेऊन आले. जे आले नाहीत त्यांचं काय आलं, ते हौसामावशीच्या देव्हाऱ्यात आहे.

हौसामावशीचं गाव लोणंदपासून आत आहे. गेल्या वर्षी श्रावणात पाण्याच्या पाळीची पत्रकं वाटत मी तिच्या दारात गेले. तिने पत्रक घेतलं, घडी घालून कमरेला खोचलं आणि म्हणाली, "वाचती मागनं. आदी च्या घे. ऊन लय झालंय." आत देव्हाऱ्यावर पणती होती. खंडोबा, जोतिबा, तुळजापूरची देवी, आणि त्यांच्या रांगेत विड्याच्या पानावर एक गोल नाणं. त्यावर बसलेली बाई, हातात त्रिशूळ, शेजारी ढाल, डोक्यावर टोप. कपाळाच्या जागी कुंकू.

मला हसू आलं आणि मी ते लगेच गिळलं. ती ब्रिटानिया होती. इंग्रजांच्या साम्राज्याची मूर्तिमंत बाई.

"ही कोण मावशी?"

"बोटीवरची आई."

तिचे आजेसासरे, घरातले सगळे ज्यांना आबा म्हणतात ते, पहिल्या मोठ्या लढाईत जखमी होऊन विलायतेतल्या इस्पितळात गेले आणि तिथेच संपले. फोटो नाही, हाडं नाहीत, कुठे पुरलं की जाळलं ठाऊक नाही. गावातला एक सोबती परत आला. त्याने त्यांच्या खिशातलं हे नाणं आणून त्यांच्या बायकोच्या हातावर ठेवलं. त्या बाईने उलटसुलट करून बघितलं. एका बाजूला टकलू माणूस. दुसऱ्या बाजूला त्रिशूळवाली. तिने त्रिशूळ ओळखला. देवीनेच आपल्या माणसाला शेवटपर्यंत सोबत केली असं तिने ठरवलं आणि नाणं देव्हाऱ्यात ठेवलं. तेव्हापासून देवी वर आणि इंग्रजांचा राजा पानावर तोंड खाली करून पडलेला. त्या घरात कुणीही ठरवून केलेलं नाही, पण याच्याइतकं चोख पत्रक मला आजवर लिहिता आलेलं नाही.

मावशीने परवानगी दिल्यावर मी भिंग काढलं. एकोणीसशे दोन. ब्रिटानियाच्या मागे समुद्राची आडवी रेघ असते. त्या वर्षीच्या थोड्या हाफपेन्यांवर ती रेघ नेहमीपेक्षा खाली आहे. जमवणारे तिला ओहोटीची हाफपेनी म्हणतात. नंतर डाय बदलली आणि समुद्र पुन्हा वर गेला. का, ते मला ठाऊक नाही. मला आपलं वाटतं, साम्राज्याला ओहोटी परवडत नाही. मावशीच्या बोटीवरच्या आईमागचा समुद्र खाली होता. कडेला पाचर मारल्यासारखा एक टवका होता. मी मोबाइलवर फोटो घेतला.

"मावशी, हिला घासू नका बरं. चिंच अजिबात नको."

"मग काय देव काळं ठिवू?"

"नाण्याची वरची कांती जाते. खुणा पुसतात. किंमत जाते."

"किंमत कुणाला करायचीय हितं?" असं म्हणून ती हसली. मी तिला माझं दुसरं पत्रक दिलं. सांगलीच्या नाणेप्रेमी मंडळासाठी मीच लिहिलेलं. वर जाड अक्षरात 'घासू नका'. तेही कमरेला खोचलं गेलं.

नवरात्राच्या तिसऱ्या माळेला मी पुन्हा गेले. माती घातलेल्या पत्रावळीत धान्याचे पांढरे कोंब उठले होते, वरून झेंडूच्या माळा सोडलेल्या, पणतीच्या तेलाने सगळी खोली जड झालेली. देव उजळून आले होते, लोणंदच्या सोनाराकडून. मावशीने त्या वर्षी घुडगा दुखतो म्हणून सगळे तिकडेच दिले होते. खंडोबा चकाकत होता, जोतिबा चकाकत होता.

"वाकून बघ. हात मातुर लावू नगंस. घट बसल्यावर देव हलवत न्हाईत."

मी वाकले. नाणं होतं. बाई होती, त्रिशूळ होता. समुद्र वर चढला होता.

मी मोबाइलमधला श्रावणातला फोटो उघडला, नाण्याशेजारी धरला. टवकाही नव्हता. मी म्हणाले, "मावशी, ही तुमची नाही. बदललीय."

तिने फोटो बघितला, नाणं बघितलं, पुन्हा फोटो बघितला. बराच वेळ. मग म्हणाली, "मला कसं गं कळावं? मी तिच्या पायाकडं बगत आले. मागच्या पाण्याकडं कवा बघितलंच न्हाई."

मी तेव्हाच्या तेव्हा लोणंद गाठायला उठले होते. तिने मला हाताला धरून खाली बसवलं. दसऱ्यापर्यंत काही हलणार नव्हतं. घट बसलेला आहे, ही जी कोण आहे ती पानावर बसलेली आहे, रोज एक माळ चढणार आहे. "बसल्याला उठवायचं न्हाई," एवढंच. माझी त्या दिवसांतली चिडचिड घरच्यांना अजून आठवते. अब्बा म्हणाले, "अगं, तुझ्या त्या बाईपेक्षा तूच काळी पडलीस." मावशीकडे तिकडे रोज झेंडू वाढत होता, कोंब वीतभर झाले होते, आणि कुणाच्या तरी पिशवीतून आलेलं एक साधं, बाजारात ढिगाने मिळणारं नाणं तिच्या माणसाच्या जागी बसून पूजा घेत होतं. आणि तिला ते ठाऊक होतं. ठाऊक असून ती कुंकू लावत होती. मला तिचाही राग आला होता, हे सांगून टाकते.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी मावशीने ते नाणं धुऊन बटव्यात घातलं आणि आम्ही लोणंदच्या पेठेत उतरलो. बाजाराचा दिवस, कांद्याच्या पोत्यांनी रस्ता तुंबलेला, सगळीकडे सालं उडत होती. सोनार गादीवर होता. शेजारी भिंग.

"आवं मावशी, देव आलं, उजळलं, दिलं. मी कशाला बदलू?"

मी फोटो धरला. त्याने बघितलाच नाही. मावशी नुसती उंबऱ्यावर बसून राहिली. पदर सावरला, पिशवी मांडीवर घेतली आणि बसली. गिऱ्हाइकं येत होती, तिला ओलांडून जावं लागत होतं, प्रत्येक जण विचारत होता, "काय झालं मावशी?" आणि ती प्रत्येकाला सांगत होती, "काय न्हाई. माजा देव हितं ऱ्हायलाय." तिसऱ्या गिऱ्हाइकानंतर सोनार बोलता झाला.

म्हणाला, सांगलीचे एक सर येतात. आमच्याच नाणेप्रेमी मंडळातले मोठे संग्राहक, सगळे त्यांना नुसतं सर म्हणतात. पितृपंधरवड्याच्या आधी ते बाजारपेठांच्या गावांतून फिरतात, सोनारांकडे एक भिंग आणि जुन्या चिल्लरीची एक पिशवी ठेवून जातात. उजळायला आलेल्या देवांत जुनं नाणं दिसलं की भिंगातून बघायचं, सांगितलेली खूण असली की पिशवीतलं तसलंच दुसरं बदली ठेवायचं. "वजनाला वजन, मावशी. चित्र तेच. तुमचं नुकसान काय झालं?"

नुकसान काय झालं. हा प्रश्न मी आजवर साखर कारखान्याच्या गेटवर ऐकलाय, तहसीलच्या पायरीवर ऐकलाय, भरतीच्या परीक्षेचा पेपर फुटला तेव्हा ऐकलाय. तुमचं नुकसान काय झालं, पुन्हा द्या की परीक्षा. दरवेळी विचारणाऱ्याच्या खिशात आपली वस्तू असते. आमच्या बायांचा देव उजळायचा हंगाम हा त्या माणसाचा वेचणीचा हंगाम होता, आणि मला त्या मंडळात वर्षभर त्याच्या शेजारची खुर्ची मिळालेली होती. "शबाना, तुझी नजर चांगली आहे, पण या छंदात संयम लागतो," असं तो मला सांगायचा. संयम. सोनारांच्या गादीवर पिशव्या ठेवून वाट बघायची, त्याला तो संयम म्हणत होता.

मंडळाचं प्रदर्शन सांगलीला एका मंगल कार्यालयात होतं. आम्ही लोणंदहून गाडीने निघालो. मावशीने खिडकी धरली होती. वाटेत हळदीची रानं लागली, रुंद हिरवी पानं पावसाने धुतलेली, आणि ती म्हणाली, "हिकडं लय पाणी हाय बग तुमच्याकडं." मी मनात पत्रक लिहीत होते, प्रत्येक स्टेशनाला एक मथळा.

सरांचं टेबल मधोमध होतं. निळं मखमली कापड, पारदर्शक चौकटीतली नाणी, इस्त्रीचा शर्ट. आणि चौकटींच्या शेजारी, लोकांनी घेऊन जावं म्हणून, एक गठ्ठा. माझंच पत्रक. 'घासू नका'.

ती तिथेच होती. मला भिंगाची गरज पडली नाही. टवका दिसला, खाली गेलेला समुद्र दिसला. चौकटीखाली टाइप केलेली चिठ्ठी होती: हाफपेनी, १९०२, ओहोटी प्रकार, दुर्मीळ. आणि त्याखाली बारीक अक्षरात: घासलेली, कुंकवाचे डाग, सदोष.

सदोष. त्या एका शब्दाने माझं टाळकं सटकलं. एका विधवेने, मग तिच्या सुनेने, मग नातसुनेने, इतक्या वर्षांत जो हात फिरवला तो दोष होता. आणि तो दोष आहे हे लोकांना शिकवणारं पत्रक मी लिहिलेलं होतं. माझंच वाक्य त्याने चिठ्ठीत बसवलं होतं.

मी आवाज चढवला. फोटो सगळ्यांसमोर धरला. माणसं गोळा झाली. सर शांतपणे म्हणाले, "हे बघ शबाना, भावनेच्या भरात जाऊ नकोस. त्यांच्याकडे ते नाणं चिंचेनं संपलं असतं. मी ते वाचवलंय. याला संवर्धन म्हणतात. तूच लिहिलंयस की."

मी धरलेला मोबाइल खाली घेतला. पत्रक लिहिणाऱ्या माणसाला त्याचंच पत्रक तोंडावर मारलं की असं होतं.

मावशी तोवर टेबलापाशी गेली होती. तिने चौकट उचलली.

"काकू, हात लावू नका, प्लीज."

"का वं?"

"बोटांचे डाग पडतात."

"पडू द्या की. माजंच हायेत ते." तिने नखाने चौकट फोडली. कट्कन आवाज झाला, आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. तिने नाणं तळहातावर घेतलं, पिशवीतून कुंकवाची डबी काढली आणि भर सभागृहात, अंगठ्याने, बाईच्या कपाळापासून पार टोपापर्यंत असं कुंकू ओढलं की चित्र दिसेना. मग डोळे मिटून नमस्कार केला. घाई न करता.

सर उभे राहिले होते. "बाद केलंत तुम्ही नाणं. आता काही राहिलं नाही त्याच्यात."

"मग तुमच्या काय कामाची ती?"

मागून कुणीतरी हसलं. ते हसू पसरत गेलं. सरांनी इकडेतिकडे बघितलं, खुर्ची ओढली, बसले. "न्या," म्हणाले. मग जरा वेळाने, चेहरा सावरण्यासाठी असेल, "पण मग माझं बदली दिलेलं नाणं परत करा."

मावशीने बटव्यावर हात ठेवला. "ती नऊ दिस माझ्या घरात बसलीया. माळा घेतल्यात तिनं. आता तिला कुठं घालवू? तुमास्नी लयच आठवण आली तर या की दर्शनाला."

मी मंडळ सोडलं. तक्रार द्यायचं म्हटलं तर मावशी नको म्हणाली, आणि दुसरी जी घरं होती, ज्यांचे देव असेच बदलून गेले असतील, त्यांना कुठे शोधायचं ते मला अजून कळलेलं नाही. ती पिशवी आजही कुठल्या तरी पेठेत गादीखाली असेल. वजनाला वजन. आत्ता, मी हे लिहिते आहे तेव्हा, कुणाच्या तरी फडक्याची गाठ सोडली जात असेल. सोयाबीन वाळत पडलं की मला हे दिसतं आणि मग मला पावसाचं कौतुक करायला सांगू नका.

यंदा मी नवं पत्रक काढलंय. एकच वाक्य आहे: देव उजळायला द्याल तेव्हा उजळेपर्यंत समोर बसा. काल ते वाटत वाटत मावशीच्या दारात पोचले. ती अंगणात परात घेऊन बसली होती. यंदा देव घरीच. चिंच भिजत घातलेली, खंडोबा-जोतिबा धुऊन सुपात वाळत ठेवलेले, आणि परातीत दोन हाफपेन्या, दोन्ही सारख्याच काळ्या.

"ये. हात मोकळंच हायेत न्हवं तुजं? ही घे." तिने न बघता एक माझ्या हातावर ठेवली. मी उन्हाकडे तिरकी धरली. समुद्र खाली. तीच.

मी चिंचेचा गोळा उचलला. क्षणभर थांबले, कारण अंगठ्याखाली माझं सगळं शिक्षण होतं. मग घासायला लागले. टोप घासला, ढाल घासली. ती मखमल, ती चिठ्ठी, तो बारीक अक्षरातला शब्द घासला. तिकडच्या कुठल्या तरी जमिनीत नाव नसलेला एक माणूस पडलाय आणि ही बाई त्रिशूळ धरून जिंकल्यासारखी बसलीय, म्हणून आणखी जोर लावला. चिंचेचं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. खालून गुलाबी तांबं वर यायला लागलं, अब्बांच्या दुकानात यायचं तसं.

"हळू गं," मावशी म्हणाली. दुसरी हाफपेनी तिच्या हातात होती आणि ती माझ्या बोटांकडे बघत होती. "तिच्यावर कशाला राग काढतीस? आबास्नी घरी घिऊन आलीया ती."

मी हात हलका केला. राग हलका केलेला नाही.